बेंचवरून उठलात की बाहेर! नियम आधी वाचा, मग रेफरीला शिव्या द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी आपल्या पेपरात नाशिकमधल्या एका कॉलेज लेव्हलच्या बास्केटबॉल मॅचमधल्या हाणामारीची बातमी आली होती. बातमी छोटीशीच होती पण सगळा रोख रेफरींवर, की भांडले दोघं आणि बाहेर काढली सहा पोरं, भांडण सोडवायला धावलेल्यांनाही पंचांनी सोडलं नाही, त्यामुळे एका टीमला चौघांवर खेळावं लागलं आणि मॅच एकतर्फी झाली वगैरे वगैरे. त्या दिवशी मी स्कोअररच्या टेबलवर होते म्हणून हे पत्र लिहितेय. कॉलेजचं नाव घेत नाही, खेळाडूंचं तर नाहीच नाही. पोरं आहेत, उद्या नोकरीला लागतील, गुगलवर नाव टाकलं की हेच वर यायला नको.

आधी झालं काय ते सांगते. तिसरा क्वार्टर, रिबाउंडसाठी, म्हणजे हुकलेला बॉल पकडायला, दोघं वर गेले, खाली येताना एकाचं कोपर दुसऱ्याच्या जबड्याला लागलं, त्याने छातीवर ढकललं, मग याने ठोसा मारला आणि त्यानेही परत केला. दोन-तीन सेकंदांचं काम. तेवढ्यात एका टीमच्या बेंचवरची चारही पोरं कोर्टात घुसली. दुसऱ्या टीमचे कोच मात्र हात आडवे पसरून आपल्या बेंचसमोर उभे राहिले आणि ओरडले, "कोणी उठायचं नाही, बसा खाली!" त्यांची पोरं चुळबुळ करत होती पण बसून राहिली. मॅचचा निकाल खरं तर तिथेच लागला, रेफरींनी फक्त तो कागदावर आणला.

कारण नियम अगदी सरळ आहे. आपल्याकडच्या मॅचेस फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमाने चालतात आणि त्यात मारामारीसाठी वेगळं कलमच आहे. मारामारी चालू असताना, किंवा आता मारामारी होणार अशी परिस्थिती असताना, बेंचची हद्द सोडून जो कोणी बाहेर येईल तो डिसक्वालिफाय, म्हणजे मॅचमधून बाहेर. राखीव खेळाडू असो, पाच फाउल होऊन बसलेला असो, मॅनेजर असो. सूट फक्त हेड कोच आणि पहिल्या असिस्टंट कोचला, आणि तीही रेफरींना भांडण मिटवायला मदत करत असतील तरच, नुसते बघायला आले तर तेही बाहेर. तुम्ही का उठलात, कोणाला मारलंत की कोणाला धरलंत, हा प्रश्न नियम विचारतच नाही. आणि चार जण उठले म्हणून कोचवर चार टेक्निकल (म्हणजे वागणुकीसाठीचे फाउल) लागत नाहीत, कितीही जण असले तरी कोचच्या नावावर एकच लागतो, शीटवर 'बी' असा, आणि त्या पोरांच्या रकान्यात 'एफ' लिहून येतो. त्या दिवशी मी ते चार 'एफ' लिहीत होते तेव्हा माझ्या मागे एक पालक माझ्याच कानात ओरडत होते की मॅडम तुम्ही तरी सांगा ना त्यांना, आमचा तर सोडवायला गेला होता. काका, मला मान्य आहे, तो सोडवायलाच गेला असेल. पण ते मला कसं कळणार आणि रेफरीला तरी कसं कळणार?

हा नियम क्रूर वाटतो हे मलाही कळतं, पण तो कशासाठी आहे ते बघा. आपल्या गल्लीतसुद्धा भांडण सोडवायला गेलेलाच पहिला मार खातो. बास्केटबॉलमध्ये याचं सगळ्यात वाईट उदाहरण १९७७ चं आहे, ९ डिसेंबरचं. लॉस एंजेलिस लेकर्स आणि ह्यूस्टन रॉकेट्सची मॅच होती, कर्मिट वॉशिंग्टन आणि केव्हिन कुनर्ट यांची जुंपली, आणि ह्यूस्टनचा रुडी टॉमजानोविच कोर्टच्या दुसऱ्या भागातून त्यांच्याकडे धावत आला. वॉशिंग्टनला कोणीतरी अंगावर येताना दिसलं, त्याने वळून ठोसा लगावला. टॉमजानोविचच्या चेहऱ्याची हाडं मोडली, कवटीला इजा झाली, मेंदूभोवतीचं पाणी गळत होतं, माणूस मरता मरता वाचला. तो बेंचवरचा पण नव्हता, कोर्टावरचाच खेळाडू होता, पण मुद्दा तोच की भांडणाकडे धावत येणारा माणूस भांडणाऱ्याला शत्रूच दिसतो. वॉशिंग्टनला ६० दिवसांची बंदी आणि १०,००० डॉलर दंड झाला. त्यानंतरच्या म्हणजे १९७८-७९ च्या सीझनला एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, तिसरा रेफरी आणून बघितला, एक वर्षाने काढला, आणि १९८८ पासून मग कायमचा केला. (हा टॉमजानोविच पुढे ह्यूस्टनचाच कोच झाला आणि १९९४ व १९९५ ला लागोपाठ चॅम्पियनशिप जिंकून दिली, हे आपलं सहज सांगितलं.)

एनबीएत बेंच सोडण्याचा नियम आपल्यापेक्षाही कडक आहे, तिथे पुढची मॅचही जाते. २००७ च्या प्लेऑफमध्ये सॅन अँटोनियोच्या रॉबर्ट हॉरीने फिनिक्सच्या स्टीव्ह नॅशला साइडलाइनवर असा धक्का दिला की तो टेबलवर जाऊन आदळला. ते बघून फिनिक्सचे अमारे स्टोडमायर आणि बोरिस डिऑ बेंचवरून उठून चार पावलं पुढे आले. कोणाला हात लावला नाही, लगेच मागे ओढलेही गेले. तरी दोघांवर एकेका मॅचची बंदी, आणि हॉरीवर दोन. फिनिक्स पुढची मॅच हरलं आणि शेवटी सिरीज पण ४-२ ने गेली. आजही तिकडचे लोक त्यावर भांडतात, ज्याने धक्का मारला त्याच्या टीमचा फायदा झाला हे खरंच आहे. पण कमिशनर डेव्हिड स्टर्न बधले नाहीत, नियम म्हणजे नियम. मला विचाराल तर तिथे जरा जास्तच झालं, पण निदान सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. आपल्याकडे प्रॉब्लेम हा आहे की कोणालाच माहीत नसतं. त्या दिवशी ज्या कोचची चार पोरं बाहेर गेली ते मला नंतर म्हणाले, ताई हा नियम नवीन आला का. नवीन नाही हो सर, कितीतरी वर्षांचा जुना आहे.

आणखी एक तक्रार बातमीत होती, की ठोसे मारणाऱ्या दोघांना बाहेर काढलं पण फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट) कोणालाच दिले नाहीत, म्हणजे रेफरी गोंधळले. गोंधळले नाहीत. डिसक्वालिफाइंग फाउलला दोन फ्री थ्रो आणि बॉल अशी शिक्षा असते, आणि दोन्ही टीमवर सारखीच शिक्षा असली की ती एकमेकांत वजा होते. स्कोअरशीटवर आम्ही 'डी' लिहितो आणि शेजारी बारीक 'सी', म्हणजे कॅन्सल. फ्री थ्रो रद्द झाले तरी दोघंही खेळाडू बाहेरच, आणि नुसते बेंचवर नाही, ड्रेसिंग रूममध्ये किंवा बिल्डिंगच्या बाहेर. आपल्याकडे ड्रेसिंग रूम कुठून आणायची, त्यामुळे पोरं गेटपाशी पार्किंगमध्ये उभी राहतात आणि तिथून एकमेकांकडे बघत राहतात, तो वेगळाच ताप.

खरं सांगायचं तर माझा राग त्या चार 'एफ' वर नाही, तिसऱ्या क्वार्टरवर पण नाही. माझा राग दुसऱ्या क्वार्टरवर आहे, ज्याबद्दल बातमीत एक ओळही नव्हती. हे भांडण तिथेच सुरू झालेलं. त्या दोघांतला एक जण दुसऱ्याने शॉट मारायला हात वर केला की डोळ्यांसमोर पंजा हलवायचा, बास्केट झाली की तोंडासमोर टाळ्या वाजवायचा, पळता पळता काहीतरी पुटपुटायचा, काय ते टेबलपर्यंत ऐकू येत नव्हतं पण समोरच्याचा चेहरा बघून कळत होतं. दुसराही काही साधू नव्हता, दोनदा त्याने मुद्दाम खांदा मारला आणि बास्केटमधून पडलेला बॉल हाताने लांब ढकलून वेळ काढला. आता हे सगळं, म्हणजे डोळ्यांसमोर हात हलवणं, चिडवणं, कोपरं फिरवणं, बास्केटनंतर मुद्दाम बॉलला हात लावून उशीर करणं, रेफरीने समज दिल्यावरही ऐकून न ऐकल्यासारखं करणं, नियमात स्पष्ट टेक्निकल फाउल म्हणून लिहिलेलं आहे. रेफरींनी काय केलं? दोन-तीनदा जवळ बोलावून समजावलं. "बाळांनो, शांत खेळा." बस. टेक्निकल दिलाच नाही.

आणि का दिला नाही तेही मला माहितेय. आपल्याकडे रेफरीने हातांचा टी केला, म्हणजे टेक्निकल दिला, की जणू त्याने कोणाच्या घरात चोरी केली असा गलका होतो. पालक उठतात, कोच टेबलवर येऊन हात आपटतात, आयोजक हळूच येऊन म्हणतात सर जरा सांभाळून घ्या, पाहुणे बसलेत. रेफरी बिचारा सिन्नर नाहीतर ओझरहून स्वतःच्या गाडीवर आलेला असतो, मानधन किती ते विचारू नका, पुढच्या स्पर्धेला याच आयोजकांनी बोलवायचं असतं. दोनच रेफरी, सिमेंटचं कोर्ट, वर ऊन. तो म्हणतो जाऊ दे, समज देऊन भागतंय ना. आणि मग ते भागत नाही.

एवढा गलका कशासाठी ते तरी बघा. फिबाच्या नियमात टेक्निकलची शिक्षा फक्त एक फ्री थ्रो. तो समोरच्या टीमचा कोणीही मारतो, रिबाउंडसाठी बाजूला कोणी रांगेत उभं नसतं, आणि मग ज्यांच्याकडे बॉल होता किंवा मिळणार होता त्यांनाच तो परत मिळतो. म्हणजे जास्तीत जास्त एक पॉइंट. हो, तो खेळाडूच्या पाच फाउलमध्ये धरतात आणि टीमच्या फाउलमध्ये पण, आणि दोन टेक्निकल झाले, किंवा दोन अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूपणा सोडून केलेले फाउल) झाले, किंवा एक हा आणि एक तो झाला, की खेळाडू बाहेर. पण पहिला टेक्निकल लागल्यावर पोराला नेमकं हेच कळतं की आता आपल्या डोक्यावर टांगती तलवार आहे. माझं बघून बघून झालेलं मत आहे, पहिल्या हाफमध्ये एक टी वेळेवर लागला ना, की कोच स्वतःच त्या पोराला बेंचवर बसवून पाणी पाजतात आणि पुढचा क्वार्टर सगळे देवासारखे खेळतात.

टीव्हीवर एनबीए बघणाऱ्या पोरांना वाटतं टेक्निकल म्हणजे स्टाइल. त्यांना रशीद वॉलेस माहीत असतो, ज्याने २०००-०१ च्या एका सीझनमध्ये ४१ टेक्निकल घेतले होते. अरे पण त्याच्या नंतर तिकडे नियमच असा केला की सीझनमध्ये १६ वा टेक्निकल लागला की एक मॅचची बंदी, आणि प्रत्येक टेक्निकलला दंड, पहिल्या पाचांना प्रत्येकी २,००० डॉलर. तेवढे पैसे आपल्याकडे अख्ख्या स्पर्धेचं बजेट नसतं. आणि प्रत्येक टेक्निकल काही उद्धटपणाचा नसतो, १९९३ च्या अमेरिकन कॉलेज फायनलला मिशिगनच्या ख्रिस वेबरने टीमचे टाइमआउट संपलेले असताना शेवटच्या ११ सेकंदांत टाइमआउट मागितला म्हणून टेक्निकल लागला आणि नॉर्थ कॅरोलिना ७७-७१ ने जिंकलं. (फिबात असं मागितलं तर नुसतं दुर्लक्ष करतात, फाउल नाही. त्यामुळे यूट्यूबवर बघून आमच्याशी वाद घालायला येऊ नका.)

रेफरींनी ढिलाई केली तर त्यांनाही जाब विचारला जातो, निदान वरच्या लेव्हलला तरी. २ जुलै २०१८ ला फिलिपिन्स आणि ऑस्ट्रेलियाची वर्ल्ड कपची क्वालिफायर होती, मनिलाजवळ. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अशी हाणामारी झाली की खुर्ची पण फेकली गेली, फिलिपिन्सच्या बेंचवरचे बरेच जण आत. रेफरी व्हिडिओ बघत बसले आणि शेवटी १३ खेळाडू बाहेर काढले, फिलिपिन्सचे ९ आणि ऑस्ट्रेलियाचे ४. फिलिपिन्सकडे तीनच खेळाडू उरले, तिघांवर मॅच पुढे चालू, मग त्यातल्या दोघांचे फाउल भरले आणि एकच उरला, तिथे मॅच संपली, कारण कोर्टवर निदान दोन तरी लागतात. स्कोअर ८९-५३, ऑस्ट्रेलिया. फिबाने नंतर १३ खेळाडूंवर बंदी घातली, फिलिपिन्सच्या फेडरेशनला अडीच लाख स्विस फ्रँक आणि ऑस्ट्रेलियाला एक लाख दंड केला, फिलिपिन्सच्या कोचवर पण बंदी. आणि जे आपल्याकडे कोणी सांगत नाही ते असं की मॅचच्या तिन्ही रेफरींना एक वर्ष इंटरनॅशनल मॅच दिली नाही, एलिट पॅनेलमधून काढलं. मॅच हाताबाहेर जाऊ देणं हाही रेफरीचा दोष धरला जातो. मग नाशिकमध्ये आपण त्याला दुसऱ्या क्वार्टरमध्ये टी देऊ देत नाही आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये सहा जण का काढले म्हणून पेपरात छापतो, हा कुठला न्याय?

प्रेक्षकांबद्दलही लिहायला हवं. २००४ च्या १९ नोव्हेंबरला डेट्रॉइटजवळ पिस्टन्स-पेसर्सच्या मॅचला शेवटची ४५.९ सेकंद राहिलेली, रॉन आर्टेस्टने बेन वॉलेसला जोरात फाउल केला, वॉलेसने ढकललं, ढकलाढकली जवळजवळ थांबत आलेली आणि आर्टेस्ट चक्क स्कोअरर टेबलवर आडवा झालेला, म्हणजे आमच्या जागेवर. तेवढ्यात एका प्रेक्षकाने त्याच्या अंगावर कप फेकला आणि तो स्टँडमध्ये घुसला. पुढे एकूण ९ खेळाडूंवर मिळून १४६ मॅचेसची बंदी आली, आर्टेस्टचा सीझनच गेला, ८६ मॅचेस. त्या दिवशी आपल्याकडे बॅरिकेड म्हणून एक सुतळी बांधलेली होती. सुतळी! तिच्या अलीकडे उभे राहून काही मोठी माणसं, वयाने मोठी म्हणतेय मी, रेफरींच्या आईबहिणीचा उद्धार करत होती आणि शेजारी त्यांचीच शाळकरी पोरं उभी. खेळाडूला प्रेक्षकांना चिथावलं म्हणून टेक्निकल लागतो, प्रेक्षकाने खेळाडूला चिथावलं तर त्याचा शीटवर रकानाच नाही.

रेफरींची एक गोष्ट मात्र त्या दिवशी अगदी बरोबर होती, तीच लोकांना चुकीची वाटली. भांडण झालं तेव्हा एक रेफरी मध्ये गेले आणि दुसरे मागे सरकून नुसते उभे राहिले, म्हणून लोक ओरडत होते की हा बघत काय बसलाय, सोडव की. अहो तो बघतच असतो, तेच त्याचं काम. कुठल्या बेंचवरून कुठल्या नंबरचा उठला, कोण बसून राहिला, कोणी ठोसा मारला, हे त्याला लक्षात ठेवायचं असतं कारण आपल्याकडे व्हिडिओ नाही, रिप्ले नाही. दोघंही मध्ये घुसले असते तर नंतर नंबर सांगायला कोणी उरलं नसतं आणि मग खरंच भलतीच पोरं बाहेर गेली असती. त्यांनी टेबलवर येऊन मला नंबर सांगितले ते न चुकता, मी बेंचकडे बघून मनात जुळवले होते, सगळे तेच.

मिसळ खाताना दुसऱ्या दिवशी या मॅचची परत सुनावणी झाली असणारच, नाशिकमध्ये कुठलीही मॅच मिसळीवर परत खेळली जाते. तिथे कोणी म्हणालं असेल की कबड्डीसारखं कार्ड दाखवा, आधी हिरवं मग पिवळं. बास्केटबॉलमध्ये कार्ड नाही पण समज, टेक्निकल, अनस्पोर्ट्समनलाइक, डिसक्वालिफाइंग अशी चढती भाजणी आहेच की. आपण फक्त पहिल्या पायरीवर बसून राहतो आणि मग एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारावी लागते.

आयोजकांना माझं एवढंच म्हणणं आहे की पुढच्या स्पर्धेत मॅचच्या आधी दोन्ही कोचना पाच मिनिटं बोलावून बेंचचा नियम तोंडी सांगा, बेंचच्या हद्दीची रेघ चुन्याने का होईना मारा, बऱ्याच कोर्टवर ती पुसून गेलीय. जमलं तर तिसरा रेफरी द्या, निदान सेमी-फायनल आणि फायनलला. आणि रेफरीने टी दिला की पाहुण्यांचं कारण सांगून त्याच्या कानाशी जाऊ नका.

त्या चार पोरांबद्दल पण लिहिते, कारण कॉलेजने त्यांना टीममधूनच काढायचं ठरवलंय असं कानावर आलं. ते करू नका. ठोसे मारणाऱ्या दोघांचं स्पर्धा समिती रिपोर्ट वाचून काय ते ठरवेल, तो रिपोर्ट रेफरींनी त्याच संध्याकाळी लिहून दिलाय. पण बेंचवरून उठलेल्या चौघांना त्यांची शिक्षा त्या मॅचमध्ये मिळाली, त्यांना नियम कोणी सांगितलाच नव्हता, त्यांचे कोच स्वतःच मला विचारत होते. आणि संपादक साहेब, समितीचा निर्णय आला की तोही छापा, कोणत्या कारणाने कोणाला किती मॅच ते सगळं, पहिल्या बातमीएवढ्याच जागेत.

आपली,
एक टेबल ऑफिशियल
इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती, पुढच्या महिन्यात परत त्याच टेबलवर बसायचंय)